पांढरी माती

नवा पाहुणा फाटकात दिसला की माझे सासरे आधी त्याच्या खोलीत शिरायचे आणि रिकाम्या खोलीला सांगायचे, "पाव्हणे आल्येत. जरा सरकून घ्या." पाहुणे गालातल्या गालात हसत. पुण्याच्या एका बाईंनी तर विचारलं, हे पॅकेजमध्येच असतं का? मी हो म्हणून टाकलं!

केदारखेड्याजवळच्या आमच्या शेतातल्या घरात मी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, तेव्हा मामांची (सासऱ्यांना मी मामा म्हणायचे) अट एकच होती: माळवद बदलायचं नाही. या मातीच्या छपरामुळे उन्हाळ्यातही एसी लागत नाही, हे मी पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मामांचं कारण वेगळं होतं. छपरावर पसरायची पांढरी माती ते दरवर्षी ओस पडलेल्या जुन्या गावाच्या टेकाडावरून आणत. पटकीच्या साथीत ते गाव उठलं होतं.

"त्याह्यच्या भिंतींची माती हाय बाई ही. माती आणली का माणसं येतेतच संगं. मंग ठिवून घ्यावं लागतं."

"मग त्यांनाही चहा टाकू का?" मी चिडवायचे.

"टाक की. साखर कमी घाल," मामा गंभीरपणे म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यात छत गळलं. चिखलाचं पाणी पाहुण्यांच्या झोपलेल्या बाळाच्या अंगावर पडलं आणि ते कुटुंब सकाळीच निघून गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशानं हे घर चालणार कसं? दिवाळीनंतर स्लॅबचं ठरवलं, जालन्याहून सळयांचा टेम्पोही आला. मामा थकले होते, छपरावर चढणं कधीच सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी काठी टेकत एकेका खोलीत जाऊन आले आणि माझ्याजवळ बसले.

"घाल स्लॅब. बिलकुल घाल. मी बोलून आलो त्याह्यच्याशी."

"काय बोललात?"

"म्हणलं, आता हितं जागा न्हाई. माझ्यासंगं चला."

त्याच आठवड्यात मामा गेले.

स्लॅब घालायला माझं मन धजेना. सळया परत पाठवल्या, गडी लावून टेकाडावरची माती आणली आणि स्वतः माळवदावर चढून ती चोपून घेतली. यंदा एक थेंब गळला नाही. पाहुणे म्हणतात, इथं किती शांत वाटतं! वाटतं खरं. त्या शांततेचीच मला भीती वाटते. रिकाम्या खोलीत एकटीनं चादर बदलायला जाववत नाही. मामा शब्दाचे पक्के होते. जाताना त्यांनी कुणालाच मागे ठेवलं नाही, टेकाडावरच्या मातीतसुद्धा.