सरपंचबाईंची सही

शिरूरच्या स्टँडवरून दौंडची एसटी सुटली तेव्हा दहा वाजून गेले होते. निवृत्त झाल्यापासून इनामगावची पांढर (जुन्या वस्तीची उंच जागा) बघायचं मनात होतं. घरचे म्हणाले, माती बघायला एवढ्या उन्हात? मी म्हटलं, हो, मातीच.

शेजारी चाळिशीची एक बाई येऊन बसली. डोक्यावर पदर, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल. फाइल उघडून पुन्हा पुन्हा बघत होती. मला काही गप्प बसवत नाही. विचारलं तर म्हणाली, "सरपंच हाय मी, आमच्या गावची." आणि लगेच लाजली.

सुनंदाबाई त्यांचं नाव. ते खरं नव्हे आणि गावाचं तर सांगतच नाही. पुढे वाचाल तर कारण कळेल. दोन वर्षं सरपंच असून आज पहिल्यांदाच त्या महिलांची ग्रामसभा स्वतः घेणार होत्या. अंगणवाडीचं छप्पर गळत होतं आणि पुरुषमंडळींना वेशीवर कमान हवी होती. "आज बायकांचा ठराव झाला तर उद्याच्या सभेत छप्पर आधी घ्यावं लागंल. चला की ताई, बघाया. इनामगाव कुठं पळून चाललंय?"

मी त्यांच्याबरोबर उतरले.

घरी त्यांचे यजमान आण्णा यांनी स्वतः पाणी आणून दिलं. माणूस अगत्याचा. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी ओरडलं, "सरपंच, हायसा का घरात?" आण्णांनी ओ दिली. सुनंदाबाई चुलीपुढे होत्या, त्यांनी मानही वळवली नाही. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (पातळ आमटी) फार चवदार होतं.

सभा शाळेच्या खोलीत झाली. कांदा काढायचा अर्धा टाकून तीसेक बायका आल्या होत्या, हाताला माती तशीच. कुणी भाषण केलं नाही. "पोरं भिजत्यात, छप्पर करा," एवढंच सगळ्या म्हणाल्या. ग्रामसेवकाने ठराव लिहून वही पुढे केली. सुनंदाबाईंनी सावकाश, जोर देऊन सही केली.

ग्रामसेवकाने मागची पानं चाळली. "मॅडम, ही सही जुळत न्हाई."

"म्हंजी?"

"मागं सगळीकडं येगळी हाय. तालुक्याला नमुनाबी तोच गेलाय. ही अशी वर पाठवली तर ठराव माघारी येईल."

पानापानावर सुनंदाबाईंचं नाव होतं, तिरक्या झोकदार अक्षरात, खाली लांब रेघ. दोन वर्षं वही घरी जायची आणि सही होऊन परत यायची. बाईपर्यंत ती कधी आलीच नव्हती. ग्रामसेवकाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आण्णा दारात उभे होते. ते अंगणातल्या कडुनिंबाकडे बघू लागले.

माझं डोकं फिरलं. "खरं काय ते लिहा की त्यात!" मी म्हणाले. सुनंदाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. खरं लिहिलं तर नवरा अडकणार, सरपंचपद जाणार आणि छप्परही लटकणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"काय करायचं ते कर बाई," मागून एक म्हातारी म्हणाली, "कांदा उन्हात पडलाय."

सुनंदाबाईंनी आपली सही खोडली. जुनं पान शेजारी धरलं आणि एकेक अक्षर बघत, नवऱ्याने लिहिलेलं स्वतःचं नाव तसंच्या तसं उतरवून काढलं. खालची रेघसुद्धा ओढली. तीस बायका बघत होत्या.

"आता जुळली," ग्रामसेवक म्हणाला.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. सुनंदाबाईंचाही आला, हे कबूल करते.

इनामगाव राहूनच गेलं. दौंडच्या एसटीपर्यंत त्या पोचवायला आल्या. न राहवून मी म्हणाले, "तुमचं नाव तुम्हीच खोटं लिहिलंत."

"छप्पर तर खरं व्हईल न्हवं?" गाडी दिसू लागली तशा त्या हळू आवाजात बोलल्या, "आन् ताई, ती सही आता मलाबी जमती, म्हंजी वही माझ्याच हातात ऱ्हाणार. पुढच्या येळंला ती रेघ आखूड करीन. मग एक अक्षर सरळ. मग दुसरं. कुणाच्या ध्यानातबी येणार न्हाई. तीन वर्सं हायेत अजून."

दौंडहून पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते सांगता येणार नाही. निवडून आलेल्या बाईला स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहायला तीन वर्षं लागणार, तेही चोरून. तेवढी पुरतील ना, याचाच हिशेब मी अजून करते आहे.