पंचावन्न किलोच्या आत

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो माझ्या कबड्डीच्या सरांचा. ते महाडच्या एमआयडीसीत कामगार होते, कामावरून सुटल्यावर मुलांचा सराव घेत आणि बिरवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत. आमच्या कुडपण गावाहून पुढे शिकायचं तर डोंगर उतरावा लागे. शाळेच्या सामन्यांत त्यांनी मला डाव्या कोपऱ्यात खेळताना पाहिलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरगा माझ्याकडे ठेवा. शाळा पण होईल, खेळ पण." मी आठवीपासून त्यांच्याकडे राहिलो.

किशोर गटात पंचावन्न किलोच्या वर गेलेल्या मुलाला खेळता येत नाही. दर शनिवारी सर मला किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं करत. काटा थोडा जरी वर दिसला तरी आठवडाभर रात्री एकच भाकरी. पकड चांगली झाली तर म्हणत, "पाय उशिरा पडला." शाबासकी कधी ऐकली नाही.

दहावीत जिल्हा संघाची निवड गणपतीनंतर लगेच होती. माझं नाव पक्कं मानलं जात होतं. मी सणाला चार दिवस मागितले.

"जा. खाण्यावर ताबा ठेवशील?"

"ठेवीन."

आमच्या वाडीत सगळे मिळून प्रत्येक घरी आरती करतात आणि प्रत्येक घरी काहीतरी खाऊनच उठतात. ढोलकी माझ्याकडे असायची, त्यामुळे माझी सुटका नव्हती. दोन घरी मी हात आखडता घेतला. तिसऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, "खा रे मेल्या, तुझा सर काय ताटात वाकून बघतोय?" सगळे हसले. मीही हसलो आणि खाल्लं. गौरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या रिवाजाने वडे आणि मटण झालं, तेही खाल्लं.

परत आलो तेव्हा सरांनी विचारलं, "काय खाल्लंस?"

"भाकरीच."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. त्या शनिवारी त्यांनी मला काट्यावर नेलं नाही.

निवडीच्या दिवशी माझं वजन चारशे ग्रॅम जास्त भरलं. वजन घेणं बंद व्हायला दोन तास होते. इतर दोन-तीन मुलं स्वेटर घालून उन्हात पळत होती, तोंडातली थुंकीसुद्धा टाकत होती. मीही एकाचा स्वेटर मागून आणला.

"ठेव तो. सावलीत बस, पाणी पी," सर म्हणाले.

"सर, उतरेल वजन. दोन तास हायत."

"वजन उतरेल, पण तू मैदानात पडशील."

मी पाणी प्यायलो. माझी जागा वरंधच्या एका मुलाला मिळाली. सरांनी मला त्याचा गुडघ्याचा पट्टा बांधायला सांगितलं. मी बांधला.

त्यानंतर मी सरावाला जाणं सोडलं, पण राहायचो त्यांच्याच घरी. आमचं बोलणं काकींमार्फत, म्हणजे सरांच्या बायकोमार्फत चाले.

"त्याला सांग, परीक्षेच्या फॉर्मचा उद्या शेवटचा दिवस हाय."

"त्यांना सांगा, भरलाय."

"मी काय लाऊडस्पीकर हाय काय गो बाई?" काकी भाताच्या टोपाकडे बघून म्हणत.

खेळणारा राहिलो नव्हतो, तरी बारावीपर्यंत सरांनी मला घर सोडायला सांगितलं नाही. पुढे महाडच्या कॉलेजात बी. कॉम. करताना मी मित्रांबरोबर खोली घेतली. निकाल लागला त्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं.

"सर, सा. न.

मी पास झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. तुम्ही ठेवून घेतलं नसतंत तर दहावीसुद्धा झाली नसती.

गणपतीहून आल्यावर भाकरीच खाल्ली असं मी सांगितलं, ते खोटं होतं. मी घरोघरी पोटभर जेवलो होतो. वजन झालं तेव्हा तुम्हाला ते कळलं असणार, तरी तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. आता वाटतं, नसतं सांगितलं.

मला पळू दिलं नाहीत ते बरोबर होतं. त्या मुलाचा पट्टा मात्र मला बांधायला लावायला नको होता. त्याचा राग अजून आहे. तो मनात ठेवून नुसते आभार मानणं मला जमेना, म्हणून दोन्ही लिहिलं.

काकींना नमस्कार. रविवारी दुपारी येईन. कारखान्यात तुमची पाळी असेल तर ती सुटेपर्यंत थांबेन."