सातवं पाखरू

आधीच सांगते, मी हायस्कूलला गणित शिकवते. अंगात आलेल्या बायकांना लिंबूपाणी पाजून घरी पाठवणाऱ्यांपैकी मी आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पण जे झालं त्याचा मेळ लागत नाही, आणि राग त्याचाच येतो.

आष्टी, जिल्हा बीड. स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर, वरच्या मजल्यावर माझी खोली. तिथे माझा जुना कॉम्प्युटर असतो — चाळीस वर्षांपूर्वीचा, कीबोर्डच्या पोटातच सगळं, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा. बीडला बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासच्या भंगारात मिळाला. अशा मशीनसाठी नवे शूटिंग गेम लिहायचा मला छंद आहे. मैत्रिणी लोकरीचं विणतात, मी हे करते.

नव्या गेमचं नाव 'राखण'. ज्वारीच्या रानात राखणीच्या माळ्यावर, मचाणावर, उभं राहून गोफणीनं पाखरं मारायची. सात जातींची पाखरं. प्रत्येक पाखरू मी आलेखाच्या वहीत चौकोन भरून काढते आणि चौकोनांचे आकडे करते. पंख वर आणि पंख खाली अशी दोन चित्रं, मिळून चौसष्ट आकडे. ते कोणीतरी वाचायचे आणि मी टाइप करायचे. आमचे हे दोन आकडे वाचून मोबाइल बघतात, म्हणून वाचायचं काम सासूबाईंकडे. त्यांना मी आत्याबाई म्हणते; चौथी शिकलेल्या, वय पंचाहत्तर. बोट ठेवून वाचतात, चुकत नाहीत.

त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. हे आठवीत असताना सासरे टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला, टोळी परत आली, ते आले नाहीत. मेल्याची खबर नाही, असल्याचीही नाही. घरात साधा फोटोसुद्धा नाही. आत्याबाई रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायच्या आणि त्या विषयावर कोणी बोलायचं नाही.

मार्चमधला रविवार, दुपारचे अडीच. सातव्या पाखराचे आकडे भरून झाले, गेम सुरू केला. सहा पाखरं नीट उतरली. सातव्याच्या जागी... माणूस.

सोळा चौकोन उंच. डोक्याला फडकं, खांद्यावर कोयता. पंख हलायच्या जागी पाय हलत होते, आणि डावा पाय मागून ओढत होता.

"काय वाचलंत आत्याबाई?"

"लिव्हलंय तेच वाचलं की."

वही तपासली — आकडे पाखराचेच. मशीनच्या मेमरीतून चौसष्टच्या चौसष्ट परत काढले — तेही पाखराचेच. मोबाइलनं टीव्हीचा फोटो घेतला. फोटोत पाखरू! मान वर करते तर माणूस. वैतागून मशीन बंद केलं, कॅसेटवरून गेम पुन्हा चढवला, सातव्याचे आकडे पुन्हा वाचून घेतले, पुन्हा टाइप केले. अर्धा तास गेला. पुन्हा तोच माणूस.

आत्याबाई टीव्हीपुढे सरकून बसल्या. "ह्ये तुझे सासरे हायेत."

"सोळा चौकोनांत माणूस ओळखू येत नाही आत्याबाई. आणि फडकं न् कोयता निम्म्या तालुक्याकडे असतो."

"पाय बघ की. बैलगाडीचं चाक गेलतं त्या पायावरून. मी शेकलाय दोन महिने."

"योगायोग आहे."

"असंल. पण त्यांला मारू नको. खाली येऊ दे."

मी मारणार नव्हतेच. पण गेम तपासताना तोंडानं काहीही चालू असलं तरी माझं बोट फायरच्या बटणावर असतं आणि आपोआप दाबत राहतं — ज्यांनी असे गेम लिहिलेत त्यांना ही खोड माहीत असेल. मी त्यांच्याकडे वळून "किती वेळ असं बघत बसायचं?" म्हणत होते, तेवढ्यात गोफणीतला गुंडा सुटला.

इतर पाखरं फुटतात तसाच तो माणूस चार तुकड्यांत फुटला. तोच फटकन आवाज. वर दहा गुण वाढले. पुढच्या फेरीला सातवं पाखरू आलं — पाखरूच. त्यानंतर कायम पाखरूच येतं.

"लागला का गं?"

"हो."

आत्याबाई उठल्या आणि मोरीत गेल्या. लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी घेतलं, घरात मयताची खबर आल्यावर घेतात तसं. बाहेर आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं.

संध्याकाळी हे आले. "आईचं कपाळ असं कावून हाय? खबर आली का कुठून?"

मी सगळं सांगितलं. आधी ते हसले, मग भडकले. "आता मी केस काढून डोकं करू का न्हाई, सांग! भावकीनं विचारलं तर काय सांगू — बाप टीव्हीवर मेला?"

"मला काय विचारता? आईला विचारा."

आईला विचारायची त्यांची छाती झाली नाही. डोकंही केलं नाही. जुन्या टोळीतल्या दोघांना फोन करून पाहिले, कोणाला काही ठाऊक नव्हतं. खबर आजपर्यंत आलेली नाही.

जुन्या मशीनवाल्या मित्रांना विचारलं. कोणी म्हणतं चिप तापली, कोणी म्हणतं टीव्ही गेला. मान्य, चित्र बिघडू शकतं. पण बिघडलेलं चित्र लंगडत नाही हो! आणि एकाच वेळी दोघींना सारखंच दिसत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कृपा करून आकड्यांत सांगा, 'अतृप्त आत्मा' वगैरे नको.

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "मुद्दाम मारलंस का गं?"

"नाही. सवयीनं बोट दाबलं गेलं."

त्यांनी हातातली मेथीची जुडी खुडून संपवली.

"बरं झालं," म्हणाल्या. "मला न्हाई जमलं असतं."