दोराच्या टोकाला कोण होतं?

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे आधीच सांगतो. सुरतच्या नवागामात आमच्या चाळीत कुणाच्या अंगात आलं की मी चहाला निघून जायचो. तरी हे लिहितोय, कारण यातला दोर माझ्याच हातात होता.

नव्वदच्या दशकातला जानेवारी. मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, कापडाच्या लूमवरची नोकरी सोडून सुरतच्या एका कंत्राटदाराकडे लागलो होतो. पाण्याखालची कामं. दादा सिलिंडर लावून खाली उतरायचा, मी वर होडीत बसून त्याच्या कमरेचा दोर धरायचो. त्या दिवशी तापीवरच्या एका जलाशयात काम होतं. पाणी ओढून घेणाऱ्या टॉवरच्या जाळीत लाकडं अडकलेली... चाळीस फूट खोल. वर ऊन होतं, पण त्या पाण्यात हात घातला तरी बोटं बधिर व्हायची.

दर तीन मिनिटांनी मी एक झटका द्यायचा - ठीक आहेस ना? त्याने एक द्यायचा - ठीक आहे. चार म्हणजे वर ये. दादा मात्र उत्तराच्या झटक्यामागून आणखी एक बारीकसा ओढा द्यायचा. लहानपणी अंथरुणात माझी चादर ओढायचा, तसा. ही आमची गंमत आमच्या दोघांतच होती.

दोन वाजता तो उतरला. मी विचारत राहिलो, उत्तर येत राहिलं. एक झटका, मग बारीक ओढा. मी निवांत बिडी ओढत होतो... हे लिहितानाही लाज वाटते.

चाळीस मिनिटं झाली. सिलिंडरमधली हवा एवढी पुरत नाही. मी चार झटके दिले. खालून आलं - एक, मग बारीक. ठीक आहे! दोन्ही हातांनी दोर ओढायला लागलो आणि तो रिकाम्या बादलीसारखा हलका वर आला. टोक चाकूने कापलेलं.

तेवढ्यात टॉवरच्या मागून वॉचमन ओरडला. तिकडच्या लोखंडी शिडीला दादा हात अडकवून लोंबकळत होता. ओठ निळे पडलेले, डोळे उघडे, पण जबडा हलत नव्हता. आमची होडी पुढच्या बाजूला, त्यामुळे मला तो दिसलाच नाही.

जीपमध्ये घोंगड्यांत गुंडाळून, छाती चोळत त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी वाचा फुटली तेव्हा आमच्या खानदेशी बोलीत पहिलं हेच विचारलं, वर का ओढलं नाहीस म्हणून - "काबर वढं नही रे माले?"

"तू जबाब देत होतास ना, दादा."

तो कोपरावर उठला. "मी तर दोर कापी टाका व्हता. उतरताच जायीमा गुतना व्हता."

म्हणजे दोर उतरताच जाळीत गुंतला, तो त्याने कापला, आणि अर्ध्या तासाहून जास्त वेळ तो शिडीला लटकलेला, मी येईन म्हणून वाट बघत. आणि मी बसलो होतो, कारण खालून कुणीतरी मला सांगत होतं की सगळं ठीक आहे.

साइटवरचे इंजिनिअर म्हणाले, प्रवाहाने दोर हलतो. मान्य. पण तो मी विचारल्यावरच कसा हलतो? जाळीत गुंतलेला दोर इतका सहज सुटून वर कसा आला? आणि तो बारीक ओढा... तो कुणाला ठाऊक होता?

दादा परत पाण्यात उतरला नाही. मीही दोर धरला नाही. तो अजून नवागामातच असतो, मी जवळच उधन्याला. रोज फोन करतो. तो म्हणतो, "बरा शे रे, काय रोज रोज इचारस?"

मी बरं म्हणून फोन ठेवतो. आणि स्कूटर काढून त्याला बघून येतो.