थोडा थोडा

“ये बोलती भी है क्या?”

पाहुण्या म्हणून आलेल्या बाईंनी हे मला नाही, मॅनेजरला विचारलं. मी हातभर अंतरावर उभी. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, डोक्यावर रिकामी पाटी. मुरबाडच्या पुढे म्हसा गावाकडे जाताना एक रिसॉर्ट आहे, तिथल्या दारातलं ‘आदिवासी स्वागत’ म्हणजे मी.

“थोडा थोडा,” मॅनेजर म्हणाला.

सगळे हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. भाकरी थापताना मधेच आठवतं, हात थांबतो.

मी ठाकरवाडीतली. पर्यटनाची पदवी घेतलेली. तीन वर्षं पहिली एसटी पकडून कॉलेज केलं. नकाशा वाचायला, सहल आखायला, इंग्रजीत माहिती सांगायला शिकले. मुलाखतीत मॅनेजरने सर्टिफिकेट उघडलंच नाही. मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “गाव कुठलं?” सांगितलं. “बस, झालं काम.”

मला वाटलं, गाइड झाले.

पहिल्याच दिवशी लुगडं हातात दिलं. “डिग्री घरी ठेव. आणि इंग्लिश बोलू नको, गेस्टची मजा जाते.”

मी नेसले. आय घरी विचारायची, “काय काम करतंस गो?” मी सांगायची, पाहुण्यांना माहिती देते.

मग एकदा शहरातला गाइड पाहुण्यांना आमच्याच वाडीत घेऊन आला. मी मागे, पाटी घेऊन. आमच्या दारात उभा राहून तो इंग्रजीत म्हणाला, “या लोकांना शाळा माहीत नाही. स्वतःचं वयसुद्धा माहीत नाही.” आय दारात हात जोडून हसत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं. चार मोबाइल तिच्या तोंडासमोर.

मी पाटी खाली ठेवली. इंग्रजीत म्हणाले, “ही माझी आई आहे. फोटो काढायच्या आधी तिला विचारा.”

मोबाइल खाली गेले. सगळे निघाले.

“काय झाला गो? पाव्हणे रागावले?” आय घाबरली होती.

रिसॉर्टवर परतल्यावर मॅनेजर म्हणाला, “यासाठी ठेवली होती तुला?”

“कशासाठी ठेवली ते तुम्ही सांगितलंच नव्हतं,” मी म्हटलं. कपडे बदलले, लुगडं त्याच्या टेबलावर ठेवलं आणि निघाले.

परवा किन्हवलीकडच्या एका रिसॉर्टमध्ये मुलाखत होती. साहेबांनी विचारलं, “एक्स्पेक्टेशन काय तुझं?”

“आधी तुमचं सांगा. काम काय, ते कागदावर लिहून द्या.”

“तसं लिहून देत नाही आम्ही,” ते म्हणाले. मी उठले.

पुढच्या ठिकाणीही हेच विचारणार. त्याच्या पुढच्याही. नोकरी मिळो न मिळो.