मागचे आप्पा

मागच्या आप्पांना मी कधी कुणाच्या पुढे सायकल काढताना पाहिलं नाही. आमच्या रविवारच्या टोळीत ते कायम शेवटी. पायात जोर नसेल म्हणावं, तर साठी उलटल्यावरही बारवीच्या जंगलातला चढ ते सीटवरून न उठता चढायचे. पण त्यांच्या पुढे कुणीतरी धापा टाकत असायचं, आणि ते माणूस जेवढं हळू जाईल तेवढंच हळू आप्पा जायचे. टोळीत आणखी एक आप्पा होते, ते पुढे पळायचे. म्हणून हे मागचे आप्पा. त्यांचं पूर्ण नाव मी ठाकुर्लीला त्यांच्या दारावरच्या पाटीवर पहिल्यांदा वाचलं, आणि ती पाटी वाचायची वेळ चांगली नव्हती.

ते मालगाडीवर गार्ड होते. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली. मालगाडीच्या अगदी शेवटी एक तांबडी खूण असते. गाडी स्टेशनातून जाताना तिथला माणूस ती खूण बघतो. दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, वाटेत एकही डबा सुटला नाही. रिटायर झाल्यावर आप्पांनी पत्र्याची एक गोल चकती तांबडी रंगवून सायकलच्या कॅरियरला मागे बांधली. पोरं हसायची. "हसा," ते म्हणायचे, "पण ही दिसली की समजायचं, सगळे आले." आणि आम्ही खरंच तसं समजायला लागलो. घळ चढून वर आलं की सखूबाईची चहाची टपरी आहे. तिथे कोण आलं, कोण राहिलं, हे कुणी मोजायचंच नाही. आप्पा आले की सगळे आले.

आम्ही शहाडच्या पुलाशी जमायचो. तिथून मुरबाड रस्ता, रायत्याला उल्हास नदी ओलांडायची आणि पुढे उजवीकडे जंगलात शिरायचं. दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मधे खोल घळ, तळाशी ओढा. घळीत उतरायला तीन वाटा आहेत. एक डांबरी, लांबची. दुसरी जंगलखात्याची जुनी मातीची, तिच्यावर पावसाने ओघळ पाडलेत. तिसरी ओढ्याकाठची, तिथे सायकल अर्धा वेळ खांद्यावर. आदल्या दिवशी फोनवर कुणी विचारलं, "आप्पा, उद्या कुठली वाट?" तर उत्तर ठरलेलं. "उद्या कोण कोण येतंय बघू." पुलाशी उभे राहून ते एकेकाकडे बघायचे. सगळ्यात कच्चा गडी कोण ते हेरायचे आणि त्याला झेपेल ती वाट धरायचे. मला याचा भयंकर राग यायचा. एका ढिल्या माणसापायी आम्ही दहा जणांनी डांबरीवरून का जायचं? मी तसं तोंडावर बोललो. आप्पा म्हणाले, "शेठ, पहिल्या दिवशी तुझ्यासाठी पण डांबरीवरूनच गेलो होतो."

ते खरं होतं. माझं डोंबिवलीत टाइल्सचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानातल्या टाइल्सची खोकी खांद्यावरून चौथ्या मजल्यावर चढवण्यात झाली, त्यामुळे ताकदीची मला घमेंड होती. महागडी सायकल घेऊन आलो आणि घळीतल्या पहिल्याच चढावर तोंडाला फेस आला. पुढचे हसत निघून गेले. मी सायकल झुडपात फेकली आणि तोंडात येईल ते बोललो. मागून आप्पा आले. त्यांनी सायकल बाहेर काढली, हँडल सरळ केलं.

"चल, वळणापर्यंत चालव. मग ढकल."

"नाही जमणार. इथूनच ढकलतो."

"बरं, त्या कुसुंबाच्या झाडापर्यंत."

"तो फार लांब आहे. अलीकडचा साग."

"चल, सागापर्यंत. दिला तुला."

सागापाशी पोचलो. "आता सागापर्यंत आलास, कुसुंब तर चार हात आहे." कुसुंब झाला. मग एक मोठा दगड, मग एक वारूळ. प्रत्येक वेळी मी घासाघीस करायचो, आणि प्रत्येक वेळी ते थोडं खाली यायचे. थोडंच. सखूबाईची टपरी दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकदाही न ढकलता मी वर आलो होतो. भाव करण्यात मला हरवणारा व्यापारी भिवंडीपासून पनवेलपर्यंत भेटला नव्हता. हा गार्ड माझ्याच धंद्यात मला फसवून गेला.

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो, आणि त्यातच माझं नुकसान झालं. पाय तयार झाले, मी पुढे पळायला लागलो, आणि आप्पा मला मिळेनासे झाले. त्यांच्याशी गप्पा मारायच्या तर हळू जायला हवं, आणि हळू जाणं माझ्या स्वभावात नाही. मागे नवनवे कच्चे गडी त्यांच्या गोष्टी ऐकत यायचे. रात्री जंगलात गाडी थांबली की डब्याखालून साळिंदर कसं जायचं, आप्पा गाडीशी कसे बोलायचे. टपरीवर मला त्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागायच्या. एकदा मी ओढ्यापाशी मुद्दाम चाकातली हवा सोडली आणि थांबून राहिलो. आप्पा आले, वाकले, व्हॉल्व्हला बोट लावलं.

"हवा गेली का सोडलीस?"

"गेली."

"तुझ्या दुकानात गिऱ्हाईक असं खोटं बोललं तर काय करतोस?"

"हाकलतो."

ते हसले, पंप काढला, आणि त्या दिवशी सबंध चढ माझ्या मागे आले. मी बोललो, ते ऐकत होते. वर पोचेपर्यंत एकदाही मला पुढे हो म्हणाले नाहीत.

नंतर मी त्यांच्याशी सौदा करून बघितला. "आप्पा, एक रविवार मागे मी थांबतो, तुम्ही पुढे जा. वय झालं तुमचं."

"ती जागा सोडून काहीही माग."

"का पण?"

"मागे राहायचं तर पुढच्याची पाठ आवडायला लागते रे. तुला आपली स्वतःचीच छाती आवडते."

मी चिडून दोन रविवार गेलो नाही.

शेवटच्या रविवारी थंडी होती, सागाची मोठी पानं वाटेवर पडलेली. त्या दिवशी सगळ्यात मागे एक नवीन बाई होत्या, बँकेत काम करणाऱ्या. आम्ही टपरीवर पोचलो, भजी आली. थोड्या वेळाने त्या बाई एकट्याच वर आल्या. ओढ्यापाशी आप्पा त्यांना म्हणाले होते, "तुम्ही व्हा पुढे, मी चेन बघून येतो." सखूबाईने दुसरं आधण ठेवलं नाही. ती आप्पा दिसल्याशिवाय ठेवायची नाही. ती म्हणाली, "बुवा नाय आलं अजून." मी उठलो तर टोळीतलं कुणीतरी म्हणालं, "बस रे शेठ, एवढी काय काळजी? आप्पा आहेत ना मागे."

हे कोण बोललं ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी हेच बोलला असता. आम्हा सगळ्यांची सवयच तशी झाली होती. मागे आप्पा आहेत म्हणून आम्ही निर्धास्त, आणि त्या दिवशी मागे फक्त आप्पाच होते.

मी एकटा खाली गेलो. कुसुंबाच्या अलीकडे त्यांची सायकल दिसली. रस्त्यातून बाजूला घेऊन नीट स्टँडवर लावलेली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मागून गाडी आली तर कुणाची अडचण नको. पलीकडे आप्पा झाडाला पाठ टेकून बसले होते. मी हाका मारल्या. खांदे धरून हलवलं, शिव्या दिल्या. चेन जागच्या जागी होती, तिला काही झालेलं नव्हतं.

दहाव्यानंतर मी ठाकुर्लीला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी सांगितलं, छातीत दुखायचं, डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलं होतं. मला राहवलं नाही. तशा घरात मी आवाज चढवला. "काकू, तुम्ही मला एक फोन करायचा होता!"

"करणार होते मी," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, सगळ्यांना सांग, पण त्या शेठला नको. तो मागे येऊन बसेल. माझ्याशी भाव करत बसेल. दुसऱ्यांना सांगितलं तर तुला कळणारच, मग मी कुणालाच नाही सांगितलं."

असा माझा हिशोब त्यांच्याकडे राहिला आहे, आणि तो मी सोडलेला नाही. मागे कुणी राहायचं नाही हा नियम त्यांचा, आणि तो मोडला त्यांनीच. त्यांनी एक झाड मागायचं होतं माझ्याकडे. मी म्हटलं असतं, सागापर्यंत चला, आप्पा. नाही? मग इथे बसा, मीही बसतो, हळूहळू टपरीपर्यंत जाऊ. मी घासाघीस केली असती, त्यांना थोडं थोडं करून वर आणलं असतं. त्यांनीच शिकवलेला तो सौदा त्यांनी माझ्याशी करू दिला नाही.

निघताना काकूंनी ती तांबडी चकती माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती.

पुढच्या रविवारी पुलाशी मी ती कॅरियरला बांधली तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. "शेठ, तुम्ही? मागे? तुम्हाला सिग्नलला थांबवत नाही." मी म्हटलं, ज्याला अडचण असेल त्याने समोर येऊन बोलावं. कुणी आलं नाही. आता मी मागे असतो. मला ते जमत नाही. मी ओरडतो, घाई करतो, मग गप्प बसतो. पुढच्याची पाठ मला अजून आवडत नाही. पण कुसुंबाशी आलं की पुढच्याला म्हणतो, "फक्त त्या दगडापर्यंत चालव." तो म्हणतो, नाही जमणार. मी म्हणतो, "बरं, अर्ध्यापर्यंत."

शेवटी मी टपरीवर पोचतो. सगळे बसलेले असतात, चकती दिसली की कुणी मोजत नाही. सखूबाई मात्र आधणाचं पातेलं हातात धरून उभी असते. ती माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून खाली घळीकडे बघते.

"आली का सगली?" ती विचारते.

"आली," मी म्हणतो.

तरी ती थोडा वेळ तशीच थांबते. मीही मागे वळून बघतो. मग ती पातेलं चुलीवर ठेवते.