आतोबांचे बचावाचे नियम

माझ्या आत्याच्या यजमानांवर, म्हणजे आमच्या आतोबांवर, उभ्या आयुष्यात कुणी हात उगारला नाही, तरी त्यांच्याइतक्या तयारीनं बचाव करत जगलेला माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते सुपरवायझर होते. वितळलेल्या लोखंडाच्या सहवासात जन्म गेल्यामुळं असेल, पण जगातली प्रत्येक वस्तू आपल्या अंगावर येणारच आहे, प्रश्न फक्त कधी एवढाच, असं ते धरून चालत. हॉटेलात ते भिंतीला पाठ लावून बसत, आणि तशी जागा मोकळी नसली तर मिसळ न खाता परत येत. रस्त्यात म्हैस दिसली की ऊन असो वा नसो, छत्री उघडत. आत्या लग्नानंतर पहिल्यांदा फोडणी द्यायला उभी राहिली, तेव्हा ते फौंड्रीतला जाड काचांचा चष्मा घेऊन स्वयंपाकघरात आले आणि मोहरी तडतडायच्या आत तिच्या डोळ्यांवर चढवून गेले. नवी नवरी रडकुंडीला आली, पण पुढं मिरच्या भाजताना तोच चष्मा आपण होऊन लावायला लागली. "वार करायला अक्कल लागत न्हाय," आतोबा म्हणत, "वाचायला लागती."

असल्या माणसाच्या हाती तो खेळ पडला. बोटीवर नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका मित्रानं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातून एक खोका आणून दिला. प्रत्येकानं एकेक लढवय्या व्हायचं, एकानं गोष्ट सांगत शत्रू चालवायचा, आणि कोण जगलं कोण मेलं ते फाशांवर ठरायचं, असा तो खेळ होता. आतोबांनी शब्दकोश मांडीवर घेऊन त्यातली पुस्तकं वाचली आणि निकाल दिला, "मारायचं नियम पोतंभर हाईत, वाचायचं चिमूटभर." मग त्यांनी परदेशी फासे माळ्यावर टाकले, प्लायवुडच्या तुकड्यावर खडूनं किल्ला काढला, शत्रूसाठी चिंचोके आणि आमच्यासाठी शर्टाची बटणं घेतली. फाशांऐवजी परातीत सहा कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके वार.

आणि मग बचावाचे नियम सुरू झाले. ढाल असेल तर दोन वार माफ. पाठ भिंतीला असेल तर आणखी एक माफ. पण पाऊस पडत असेल तर कातडी ढाल भिजून जड होते, म्हणून एकच माफ. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आलेल्या शिपायाला वाकता येत नाही, म्हणून त्याला वार चुकवायची परवानगी नाही. करकरणारी वहाण घातलेल्याची चाहूल शत्रूला आधी लागणार. सहाच्या सहा उताण्या पडल्या तर तो मानेवरचा वार, त्याला ढालही नाही आणि भिंतही नाही. या सगळ्यांच्या वर एक नियम होता. कवड्या हातातून सुटायच्या आधी बोललेलं खरं, सुटल्यावर बोललेलं वाऱ्यावर. माझा मुक्काम तेव्हा त्यांच्याकडंच असे. आमच्यात खेळायला शेजारचे गुळाचे अडत व्यापारी येत, त्यांना सगळे शेठजी म्हणत. शत्रूला थोडा गूळ देऊन फोडता येईल का, याचीच त्यांना जास्त चौकशी. एकदा त्यांच्या जखमी शिपायावर वार आला तेव्हा शेठजींच्या तोंडात पानाचा तोबरा होता. 'ढाल' म्हणायला ते खिडकीकडं धावले, पिंक टाकून वळले, तोवर कवड्या परातीत. आतोबांनी त्यांचं बटण शांतपणे उचलून डबीत टाकलं. शेठजी म्हणाले, "अवो, मी बोलणारच हुतो की." आतोबा म्हणाले, "मेलेली समदी बोलणारच हुती." त्यानंतर शेठजी आमच्या दारावरून मान वळवून जात होते.

आतोबांचा एकुलता एक मुलगा सुरेश माझ्याच वयाचा, विशीतला. तो फौजेच्या भरतीला गेला आणि निवडला गेला. घरात हे सांगितलं त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत. 'नको' असं त्यांनी म्हटलं नाही, 'जा' असंही म्हटलं नाही. आणि सुरेशचं म्हणणं एकच, वडलांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय मी घरातून पाऊल काढणार नाही. दोघं एका ताटाशी बसत आणि मीठ हवं असलं तरी आत्याकडून मागवत. शेवटी आतोबांनीच तोड काढली. रविवारी दुपारी किल्ल्याचा दरवाजा सुरेशनं एकट्यानं लढवायचा. शेवटचा चिंचोका पडेपर्यंत त्याचं बटण टिकलं तर ते 'जा' म्हणतील. बटण पडलं तर सुरेश फौंड्रीत नोकरीला लागेल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. दुसऱ्या कुठल्या घरात हे हसण्यावारी गेलं असतं. त्या घरात किल्ल्यावर ठरलेलं मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि सुरेशनं लगेच मान डोलावली.

त्या आठवड्यात आतोबांना नियम सुचायचे थांबेनात. सोमवारी दरवाज्याला खिळे बसले. मंगळवारी ठरलं की उन्हाकडं तोंड केलेल्या शत्रूचा एक वार वाया जातो, आणि दरवाजा आधी पश्चिमेकडून पूर्वेला फिरवण्यात आला, पण तिथं सकाळचं ऊन आपल्याच शिपायाच्या डोळ्यांत येतं असं ध्यानात आल्यावर परत पश्चिमेला गेला, आणि हल्ला सकाळचा ठेवून सूर्य गडामागं, शत्रूच्या तोंडावर ठेवला. शिपायाच्या पगडीत आत्याच्या जुन्या लुगड्याच्या घड्या आल्या. मला ते बघून हसू येई. पोरानं हरावं म्हणून मांडलेल्या डावात हा माणूस दिवसरात्र पोराला वाचवत होता. आत्यानं न राहवून विचारलं, "अवं, तुमी कुणाच्या बाजूनं हायसा?" "नियमाच्या," आतोबा म्हणाले, आणि मान खाली घालून ताक प्यायले.

रविवारी दुपारी शेठजीसुद्धा रुसवा सोडून आले. पंखा बंद केला होता, कारण वाऱ्यानं कवडी हलते. आतोबा शत्रू झाले. चिंचोके एकेक करून दरवाज्यावर येत होते, कवड्या परातीत वाजत होत्या आणि सुरेश दर वेळी खणखणीत आवाजात आधी बोलत होता. ढाल. भिंत. पगडी. चिंचोके पडत होते, पण शिपायाच्या अंगावर जखमाही चढत होत्या, आणि प्रत्येक जखमेला आतोबांच्या कपाळावरची शीर उठत होती. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं आत मांडलेल्या चहाचं पाणी आटून गेल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही.

शेवटचा चिंचोका उरला. आतोबांनी कवड्या मुठीत घोळवल्या, जरुरीपेक्षा फार वेळ घोळवल्या. मग मूठ उघडली. सहाच्या सहा उताण्या.

सुरेशनं एक श्वास घेतला आणि स्वतःच बटण उचलायला हात पुढं केला. त्याचा हात पोचायच्या आत आतोबांचा पंजा बटणावर पडला.

"थांब," ते म्हणाले. "ह्यो शिपाई वाकलाता."

"कशाला?" सुरेशनं विचारलं.

"वहाणंचा अंगठा तुटलाता त्येचा. सकाळधरनं. त्यो बसवायला वाकला, वार डोस्क्यावरनं गेला." आतोबांचा पंजा अजून बटणावरच होता. "मी बोलायचं इसरलो."

कवड्या सुटून केव्हाच्या थंड झाल्या होत्या. आम्ही सगळे शेठजींकडं बघायला लागलो, कारण या नियमापायी ज्याचा माणूस मेला होता तो एकटाच तिथं बसला होता. शेठजींनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "व्हय," ते म्हणाले, "अंगठा तुटल्याला मी बी बघितलाय."

सुरेशनं गुमान आपल्या वाराच्या कवड्या टाकल्या. शेवटचा चिंचोका पडला. पोरगा उठून परसात गेला, आणि आत्या नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमीच जितवलासा की त्येला. आता जाणार त्यो."

"मग काय," आतोबा परातीकडं बघत म्हणाले, "माझ्या हातानं मारू व्हय त्येला?"

सुरेश निघाला त्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. एसटी लागली. सुरेश पाया पडला आणि कबूल केलेला शब्द ऐकायला तसाच उभा राहिला. आतोबांनी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, सामानाची दोरी ओढून बघितली, खिडकीजवळ बसू नको म्हणून सांगितलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. 'जा' एवढंच म्हणायचं ठरलं होतं, पण त्यांच्या तोंडून तो शब्द एकटा निघेना. "जाऊन ये," ते म्हणाले, आणि गाडी हलल्यावर मागनं चार पावलं जात नुसतंच "ये, ये" म्हणत राहिले.

सुरेश दर रजेला आला. आता तो निवृत्त होऊन कोल्हापुरातच असतो आणि आतोबा नाहीत. आम्ही दोघं भेटलो की इकडचं तिकडचं सगळं बोलतो, त्या किल्ल्याचं मात्र काढत नाही. काढलं की आतोबा हवे होते असं फार वाटायला लागतं.